गळक्या डब्यातली जोडी

मित्रांनो, मी जुना आहे, तांब्याचा आहे आणि गळका आहे. यातलं तिसरं सांगताना माझी मान खाली जात नाही. ज्यांची जायला हवी होती, त्यांची गोष्ट पुढे येईलच.

डबा म्हटल्यावर तुम्हाला मधल्या सुट्टीतलं जेवण आठवलं असेल. आकाराने मी तेवढाच आहे, पण माझ्या पोटात कधी कोणी घास ठेवला नाही. मी प्रयोगशाळेतला डबा. माझा जन्म तिथल्याच वर्कशॉपमध्ये, धातू फिरवून कापणाऱ्या लेथवर झाला. तांब्याचा गोल दांडा फिरत होता, वरून दुधाळ पाणी पडत होतं आणि माझ्या अंगाचे लाल कुरळे तुकडे लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या बुटांवर सांडत होते. दुखलं का म्हणून विचारू नका. घडताना सगळ्यांनाच दुखतं.

माझे दोन अर्धे भाग तयार झाले, तेव्हा टर्नरने चष्मा कपाळावर ढकलला आणि कागदावरचं चित्र डोळ्यांजवळ धरलं. शेजारी मॅडम उभ्या होत्या. माझं चित्र त्यांनीच काढलं होतं.

"एवढं मोठं भोक?" टर्नर म्हणाला. "मॅडम, मग डबा कशाला करताय? बाजारातून चाळणी आणा की."

"चाळणी नको. एकच भोक पाहिजे, आणि एवढंच पाहिजे."

"मोठे सर मला कच्चा खातील."

"त्यांना माझ्याकडे पाठवा."

"पाठवायचं काय त्यात? ते स्वतःच येतील धावत."

आणि आलेच. मोठे सर म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. मॅडम कधीकाळी त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. सरांनी मला उचललं, भोकातून खिडकीकडे पाहिलं आणि टेबलावर आपटलं. माझ्या काठाला पहिला पोचा तेव्हा पडला.

"गळती म्हणजे मरण," सर म्हणाले. "हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. विसरलीस?"

त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. माझ्यासारख्या डब्यात एक अदृश्य लहर सोडतात. ती आतल्या भिंतींवर आपटत घुमत राहते. देवळातल्या घंटेवर टोला मारला की नाद रेंगाळतो ना, तसं. जो डबा जास्त वेळ घुमतो तो हुशार, जो लवकर गप्प होतो तो ढ. त्या इमारतीतला प्रत्येक माणूस डबे घासून, फटी बुजवून, भोकं लहान करून त्यांना घुमायला शिकवत होता. आणि माझ्या भोकात मॅडमनी एक लांब पिन बसवली. ती माझ्या पोटात चांगली खोलवर उतरायची, आत आलेली लहर पकडायची आणि तारेतून बाहेर एका थंड ठोकळ्याकडे पाठवायची. तिथे ती जिरून जायची. म्हणजे मी घुमायचोच नाही. टोला मारला की 'थप्प', संपलं.

सगळ्यांनी माझं नाव ठेवलं गळकोबा. मॅडमचे वडील प्लंबर होते. एकदा फोन स्पीकरवर होता तेव्हा मी त्यांना ऐकलं. "जन्मभर मी लोकांच्या घरातल्या गळत्या बंद केल्या," ते हसत होते, "आणि माझी लेक गळती लावायचा पगार घेते! लोकांना सांगू तरी काय?" मॅडमही हसल्या. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसल्या.

आता माझ्या पोटातलं सांगतो. तिथे एक पारदर्शक खडा होता, तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. त्या खड्यात दोन स्पिन होते. स्पिन म्हणजे इवलेसे चुंबक समजा, एवढे इवले की कुठल्याही भिंगाने दिसणार नाहीत. हे दोघे कधी कधी असे जुळतात की मग एकट्याचं असं काही उरतच नाही. एकाला विचारा, "तू वर की खाली?" तो 'वर' म्हणाला की दुसरा 'खाली' निघणारच. विचारण्याआधी दोघांपैकी कोणाकडेच उत्तर नसतं. उत्तर जोडीचं असतं. प्रयोगशाळेतली माणसं या जुळण्याला गुंता म्हणत.

हा गुंता फार नाजूक. जरा ऊब लागली, जरा हादरा बसला की सुटला. म्हणून मला एका फ्रिजमध्ये टांगायचे. तुमच्या स्वयंपाकघरातला नव्हे. छतापासून लटकणारा, एकात एक डबे असलेला पिंप, आणि आत अशी थंडी की तिच्यापुढे बर्फ म्हणजे वणवा. त्याचा पंप रात्रंदिवस एकच सूर लावायचा, ठुस्स-चुक, ठुस्स-चुक.

सगळे म्हणायचे, गुंता जपायचा तर जगाशी संबंध तोडा, भोकं बुजवा, कोणाला हात लावू देऊ नका. मॅडम म्हणायच्या, कितीही बुजवा, आज ना उद्या तो सुटणारच. मग एकदा सुटला की कायमचा गेला. त्यापेक्षा अशी सोय करू की सुटला तर आपला आपण परत जुळेल.

ती सोय दोन गोष्टींची होती. बाहेरून लहरी सोडून जोडीला सतत ढकलत राहायचं, आणि माझ्या भोकातून सतत गळू द्यायचं. जोडी चुकीच्या स्थितीत असली की धक्क्याने हलते. हलताना अंगातली जादा शक्ती माझ्या पोटात टाकते. मी ती बाहेर सोडतो. असं होत होत ती फिरून त्या एका जुळलेल्या स्थितीत येते, आणि तिथे आली की धक्के तिला लागतच नाहीत. दोघे मिळून ढकलणाऱ्याला हुलकावणी देतात. पण माझं भोक बुजलं तर? टाकलेली शक्ती बाहेर जात नाही, भिंतीवर आपटून परत येते आणि जुळलेल्या जोडीलाच फटका मारते. एवढंच माझं काम, मित्रांनो. जे आत राहायला नको ते बाहेर जाऊ देणं. हलकं वाटतं का? करून बघा.

चार वर्षं मॅडम हे सांगत राहिल्या आणि चार वर्षं सगळे 'हं हं' करत राहिले. प्रयोग कधी अर्धवट जमायचा, कधी नाही. शेवटी मोठे सर दारात उभे राहून म्हणाले, "फ्रिज एकच आहे आणि मागणारे पुष्कळ. गुरुवारी सकाळी मी स्वतः येऊन बघणार. जोडी टिकली तर फ्रिज तुझा. नाही टिकली तर दुसऱ्या गटाला, आणि तू फक्त वर्गावर शिकवायचं."

मॅडमचा सगळा जीव त्या फ्रिजमध्ये होता. आणि माझाही. फ्रिज गेला असता तर मी भंगारातच गेलो असतो. तांब्याला भाव असतो.

त्या आठवड्यात मॅडमना परीक्षेच्या ड्युटीवर बसवलं. माझ्या पोटातला खडा बदलायचा होता. ते काम त्यांनी पॉलिशवर सोपवलं.

पॉलिश म्हणजे त्यांचा सहकारी. दिसेल ते घासायची त्याला सवय, म्हणून हे नाव. स्वभावाने सोन्यासारखा, मॅडमना ताई म्हणायचा. पण तो आला होता घुमणारे डबे करणाऱ्या गटातून. गळतीचं कारण त्याने कागदावर वाचलेलं होतं, पण ते त्याच्या डोक्यातच राहिलं. हातापर्यंत पोहोचलंच नाही. आणि त्या इमारतीत एक रीत होती. मोठ्या दिवसाआधी डबा उघडला की तो घासायचा, दोन भागांमधल्या शिवणीत मऊ धातूची तार दाबून फट बुजवायची, पिन आखूड करायची. न विचारता, न सांगता. पाहुणे येण्याआधी घर झाडतात तसं.

त्याने मला उघडलं. "काय अवस्था करून ठेवलीय तुझी गळकोबा," तो माझ्याशी बोलायला लागला. "थांब, ताईंची मान ताठ होईल असं करतो तुला." खडा त्याने नीट बसवला. मग घासलं. मग शिवणीत तार बसवली. मग माझी लांब पिन उपसून भंगाराच्या ट्रेमध्ये टाकली आणि तिथे लहरीपर्यंत जेमतेम पोहोचणारी एक बुटकी पिन बसवली.

मित्रांनो, तोंड नसणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. मी चकचकीत झालो होतो आणि आतून मेलो होतो. त्याने माझे स्क्रू आवळले, मला फ्रिजमध्ये टांगलं, एकेक पिंप चढवला. प्रत्येक पिंपाबरोबर मी ओरडत होतो. ठुस्स-चुक, ठुस्स-चुक. पंपाला काय, तो चालूच.

दोन दिवस मी गारठत गेलो. बुधवारी सकाळी मॅडम आल्या. पडद्यावर एक आडवी लाल रेघ होती. जोडीला हजारो वेळा प्रश्न विचारून त्या उत्तरांची एक हिरवी रेघ बनायची. हिरवी लाल रेघेच्या वर राहिली तर गुंता टिकलाय. खाली आली तर दोघे आपापल्या वाटेने गेले.

हिरवी वर गेली, क्षणभर थांबली आणि कोसळली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"ढकलणं कमी पडतंय का?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी जोर वाढवला. आत माझा जीव जात होता. जेवढं ढकलतील तेवढं माझ्यात साठत होतं आणि तेवढंच जोरात परत जोडीवर आदळत होतं. हिरवी रेघ तापातल्या माणसासारखी थडथडायला लागली. मॅडमनी फ्रिजचा मोठा चुंबक तपासला. तारा तपासल्या. नव्या खड्याला शिव्या घातल्या.

"डबा नीट बघितला होतास ना?"

"एकदम चकाचक आहे, ताई."

असल्या शब्दांनी घरं बुडतात. मॅडमनी मान हलवली आणि पुन्हा चुंबकाकडे वळल्या. माझं काळीज तुटलं. सकाळ गेली. जेवणाची वेळ टळून गेली. मॅडमचा जेवणाचा डबा तसाच बंद होता, आणि मीही.

मग त्यांनी सगळं बंद केलं. ढकलणं बंद, प्रश्न बंद. माझ्यात एकच छोटी लहर सोडली आणि ती कशी विझते ते बघत बसल्या. मला बोलायची एवढीच एक संधी होती. मी काही वेगळं केलं नाही, करूही शकत नव्हतो. जसा केला गेलो होतो तसाच घुमलो. पडद्यावरची रेघ धपकन पडायला हवी होती. ती घसरगुंडीवरून उतरावी तशी सावकाश, सावकाश खाली येत राहिली.

मॅडमची खुर्ची करकरली. "हा घुमतोय."

"घुमणारच!" पॉलिशचा चेहरा उजळला. "शिवणीत तार बसवली, पिन बदलली. या इमारतीत इतका वेळ घुमणारा डबा नाही, ताई!"

मॅडमनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. पॉलिशचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कागदावरचं आता कुठे त्याच्या हातापर्यंत आलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"भांडी घासली हे कोणी सांगतं का, ताई?" तो पुटपुटला.

मग त्याने जे सुचवलं ते घाबरलेल्या माणसाचं होतं. "उद्या सरांना सुरुवातीचा तुकडाच दाखवू. रेघ वर जाते तेवढाच. पुढचं कापू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मॅडम म्हणाल्या. "आणि तुला. पंप बंद कर."

"ताई! सर उद्या सकाळी येतायत!"

"येऊ देत. गरम फ्रिज बघतील. खोटी रेघ नाही बघणार."

ठुस्स-चुक थांबलं. त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

गुरुवारी सर आले तेव्हा फ्रिजचे पिंप जमिनीवर होते आणि मी मॅडमच्या हातात, दोन भागांत उघडा. पॉलिश लाकडी काडीने माझ्या शिवणीतली तार खरवडत होता. त्याचे डोळे लाल होते.

"हे काय?" सर म्हणाले.

मॅडमनी झालं ते सांगितलं. पॉलिशचं नाव त्यांनी घेतलं नाही. "डब्याची गळती बंद झाली होती," एवढंच म्हणाल्या. पॉलिशच मध्ये बोलला, "मी केली, सर."

"मग चांगलंच केलंस," सर म्हणाले. "या खोलीत एक तरी शहाणा आहे. गळती बंद करून जे जमलं नाही, ते भोक पाडून जमणार? मी तुला हे शिकवलं होतं?"

"नाही, सर. तुम्ही उलटं शिकवलंत. ते चूक होतं."

पॉलिशच्या हातातली काडी मोडली. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, मॅडमकडे बघितलं नाही. "शनिवारी संध्याकाळी फ्रिज न्यायला ट्रॉली येईल," ते म्हणाले आणि दार न लावता गेले.

सरांनी सवलत दिली नव्हती. ट्रॉलीवाल्यांना त्याआधी सवड नव्हती, इतकंच. पण मॅडमना तेवढी फट पुरली. भंगाराचा ट्रे सफाईत रिकामा झाला होता, म्हणून त्यांनी नवी पिन तारेतून स्वतः कापली. पहिली लांब झाली, दुसरी वाकडी गेली, तिसरी बसली. पॉलिशने स्क्रू आवळले, आणि या वेळी प्रत्येक स्क्रू आवळताना तो मोठ्याने सांगत होता, "हा आवळतोय, ताई. आता हा आवळतोय."

"कळलं रे बाबा," मॅडम शेवटी म्हणाल्या. "श्वास घेतोस तेही सांग."

पंप सुरू झाला. मी पुन्हा गारठू लागलो. यावेळी वेळ आमच्या मागे लागली होती. शनिवारी दुपारी थंडी पुरेशी नव्हती. चहाच्या वेळीही नव्हती. बाहेर गडगड ऐकू आली. ट्रॉली लवकरच आली होती.

"हेच का ते झुंबर?" ट्रॉलीवाल्यांपैकी एकाने आत डोकावून विचारलं. "हे दारातून जाणार कसं?"

"आधी बंद तर होऊ दे," दुसरा म्हणाला आणि पायरीवर टेकला.

सर आत आले. "बंद कर."

थंडीचा आकडा नुकताच जागेवर आला होता. मॅडमनी ढकलणं सुरू केलं. माझ्या पोटात धक्के येऊ लागले. जोडी हलली, शक्ती माझ्याकडे आली, पिनेने पकडली आणि गेली बाहेर. पुन्हा आली, पुन्हा गेली. हिरवी रेघ लाल रेघेच्या वर चढली आणि तिथे थांबली.

"योगायोग," सर म्हणाले.

"मग गुंता तुम्हीच तोडा, सर. हे बटण दाबा."

सरांनी बटण दाबलं. माझ्या आत वीज कडाडावी तसा तडाखा बसला आणि जोडी सुटली. रेघ धाडकन खाली. पॉलिशने डोळे मिटून घेतले. मी माझं काम करत होतो, मित्रांनो, दुसरं मला काही येतच नाही. आत आलं की बाहेर, आत आलं की बाहेर. रेघ हलली. चढली. लाल रेघ ओलांडून परत तिथेच जाऊन बसली.

सरांनी पुन्हा दाबलं. ती पुन्हा आली. मग त्यांनी तडाख्याचा जोर वाढवला. रेघ तळाला गेली, आणि परत आली. ते दाबत राहिले. रागावलेलं मूल दारावर लाथा मारतं तसे दाबत राहिले. पायरीवरचा ट्रॉलीवाला उठून दारात आला. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण पडणारी आणि उठणारी रेघ कोणालाही कळते.

"ढकलणं बंद कर," सर अचानक म्हणाले. आवाज बदलला होता. हा प्रमुखाचा आवाज नव्हता, शास्त्रज्ञाचा होता.

मॅडमनी ढकलणं थांबवलं. थोड्याच वेळात रेघ ढासळली आणि तळाशी पडून राहिली. परत आली नाही.

"आता सुरू कर."

रेघ परत आली.

सर स्टुलावर बसले. मग ते म्हणाले, "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"चार वर्षं सांगतेय, सर."

सरांनी माफी मागितली नाही. मोठी माणसं मागत नाहीत, त्यांना ते कोणी शिकवलेलं नसतं. उठून ते दारापाशी गेले आणि ट्रॉलीवाल्यांना म्हणाले, "रिकामी न्या."

"एवढ्या लांबून आणली रिकामी न्यायला?" ट्रॉलीवाला कुरकुरला. पॉलिश धावत जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. स्वतःच्या कपातला निम्मा त्याने वाटेतच सांडला होता.

त्यानंतर माझं पुष्कळ कौतुक झालं. माझे फोटो निघाले. माझ्यासारखे भोकवाले डबे इतरांनीही केले, माझ्यापेक्षा देखणे. मग त्यांचे दिवस आले आणि माझे गेले. आता मी एका कपाटात असतो, माझ्यावर धूळ असते. त्याची तक्रार नाही. जुन्याला जागा सोडावीच लागते.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो जायचा नाही. मला मोडायला कोणी शत्रू आला नव्हता. मला सुधारायला आलेल्या माणसाने मोडलं, आणि तेही मायेने. असे लोक तुमच्याही घरात आहेत, शाळेत आहेत. एखादं पोर फार बडबडतं, त्याचं तोंड बंद करतात. एखादी मुलगी वर्गात खिडकीबाहेर बघते, तिची जागा बदलतात. कोणाला रडू आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "रडायचं नाही!" अरे, का नाही? त्या रडण्यातून काय बाहेर जातंय आणि त्यामुळे आत काय टिकून आहे, हे विचारलंत का कधी? जे बाहेर जाऊ देत नाही, ते आत भिंतींवर आपटत राहतं, आणि आत जे काही नाजूक जुळलेलं असेल त्यालाच पहिला फटका बसतो. मी आत राहून पाहिलंय.

म्हणून एवढंच मागतो. वस्तू असो, जनावर असो, माणूस असो, दुरुस्त करायला हात घालण्याआधी विचारा. ज्याला तोंड नाही त्याला थोडं वाजवून बघा आणि त्याचा आवाज संपेपर्यंत ऐका. आणि तुमच्याकडे उद्या कोणी बूच घेऊन आलं, तर मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. ओरडा.